डबा एकट्याचा

पितळी खलबत्ता उज्वलाला तिच्या आईनं रुखवतात दिला होता, वेलदोडे कुटायला. आता श्रमिकनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात वेलदोडे कुटायचे प्रसंग येऊन येऊन किती येणार? दिवाळी, निकिताचा वाढदिवस, फार तर गावाकडून कोणी मानाचं माणूस आलं तर. पण गेले तीन आठवडे तो खलबत्ता रोज सकाळी साडेपाचला ओट्यावर हजर होत होता. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू आहे ना, याची उज्वला आधी खात्री करायची. मग कमरेला खोचलेली रुमालाची पुरचुंडी सोडायची, तिच्यातून एक पांढरी गोळी काढायची. बत्त्याचे चार ठोके, की गोळीचं पीठ. पीठ डब्याच्या खालच्या कप्प्यात, वरून भाजीचा रस्सा, चमच्यानं दोन वेढे. झालं काम. मग ती खलबत्ता तीन-तीनदा विसळायची आणि तरी दिवसभर तिला बोटांना काहीतरी चिकटलंय असंच वाटत राहायचं.

न्हाणीघरात असायचा तो सोमनाथ, तिचा नवरा. गोळी त्याचीच होती. ती आपल्या पोटात जाते आहे, हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सोमनाथला बसच्या हॉर्नमधून निरोप यायला लागले होते. सातपूरच्या थांब्यावर बसनं एकदा हॉर्न दिला तर घरी जा, दोनदा दिला तर जाऊ नको, घरात माणसं लपलीत. एकदा तर तो दोन दिवस घरी आलाच नाही, आणि सापडला तेव्हा चपला हातात घेऊन पपया नर्सरीच्या चौकात उभा होता. गावाकडचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय. कॉलेज रोडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, स्किझोफ्रेनिया. ते नाव न अडखळता घ्यायला उज्वलाला आठवडा लागला, आणि समजून घ्यायला वर्ष. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं होतं, “त्यांना जे ऐकू येतं ते त्यांच्यासाठी तुमच्या-माझ्या आवाजाइतकंच खरं असतं. वाद घालू नका, हसू नका. आणि त्यांनी विचारलं तर खरं तेच सांगा. निदान एक माणूस तरी असं हवं, जे नेहमी खरं सांगतं.”

ते माणूस उज्वला झाली. गोळ्यांनी सोमनाथ सावरला, कामावर परत गेला. काम त्याचं तपासणीचं. बनून आलेला प्रत्येक लोखंडी पीस गेजला लावून बघायचा. गेज म्हणजे दोन टोकांची एक जाड सळई. पीस तिच्या एका टोकावर चढलाच पाहिजे आणि दुसऱ्या टोकावर चढताच कामा नये. तेव्हाच तो पास. सोमनाथ घरी यायचा, चहाचा कप हातात घ्यायचा आणि मनात काही शंका असली की हळूच विचारायचा, “उज्वला, पलीकडचे आज माझ्याकडे बघून कुजबुजत होते. खरं का भास?” ती विचार करून सांगायची. कधी “भास”, कधी “अहो खरंच कुजबुजत होते, त्यांची टाकी वाहत होती आणि आपण बंद केली नाही म्हणून.” मग तो हसायचा. “तू माझा गेज आहेस,” म्हणायचा. बायकांना नवरे काय काय म्हणतात, सोनं म्हणतात, राणी म्हणतात. उज्वलाला नवरा लोखंडाची सळई म्हणायचा आणि ती आतून फुलून यायची.

आणि मग एके दिवशी चपलांच्या कपाटात, त्याच्या जुन्या बुटात, तिला पंचवीस गोळ्या सापडल्या.

“बरा झालोय मी,” सोमनाथ म्हणाला. “आता नको.”

“पण मॅडम म्हणाल्या होत्या…”

“नको म्हणालो ना.”

एवढं बोलून त्यानं दोन्ही हात खिशात घातले आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. का नको, हे तिनं विचारलं नाही. तिला समोर फक्त पपया नर्सरीचा चौक दिसत होता आणि हातात चपला घेतलेला माणूस. मॅडमना फोन करावा हेही तिला सुचलं. पण फोन केला तर हा चिडेल, चिडला तर बिघडेल. मग तिनं आपल्या मनानंच उपाय काढला.

रात्रीच्या जेवणात गोळी घालणं शक्य नव्हतं. निकिता आठवीत गेली तरी बापाच्या ताटातले शेवटचे चार घास तिचेच असायचे, त्यावरून भांडायची सुद्धा. चहा एकाच पातेल्यातला. राहता राहिला डबा. पहिल्या पाळीचा, सकाळी सातला कारखान्यात जाणारा डबा. तो त्याच्या एकट्याचा. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हजारो डबे भरले असतील तिनं, पण कारखान्याचं फाटक ओलांडल्यावर डब्याचं काय होतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. बायकांना कोण आत सोडतंय?

चौथ्याच दिवशी सोमनाथनं चहाचा कप खाली ठेवला.

“उज्वला, भाजी कडू लागते गं. डब्यात कोणी काही घालतंय. खरं का भास?”

पातेल्यात चहा उकळत होता. तिनं गॅस बारीक केला, मोठा केला, परत बारीक केला.

“भास,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. इतक्या शहाण्या मुलासारखी मान हलवली की उज्वलाला वाटलं, यापेक्षा त्यानं कप फेकला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर तो आठवड्यातून एकदा तरी विचारायचाच, आणि ती तेच उत्तर द्यायची. पहिल्यांदा त्यासाठी तिनं गॅसची कळ तीनदा फिरवली होती. पुढे कळ न फिरवताही शब्द बाहेर यायला लागला. डबा मात्र रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. रिकामा डबा घासताना ती स्वतःला सांगायची, बघ, औषध पोटात गेलं. तरीही सोमनाथची झोप कमी होत चालली होती आणि बसचा हॉर्न वाजला की तो बोलता बोलता थांबायला लागला होता. असं कसं, हे कोडं तिला काही सुटेना.

कोडं सोडवलं आशानं. आशा दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचा नवरा रविराज सोमनाथच्याच कारखान्यात ड्रिल मशीनवर होता. एका गुरुवारी दुपारी ती डोळे लाल करून आली आणि दारातच बसली.

“वहिनी, आमचे हे प्यायला लागलेत.”

“काहीतरीच काय. रविभाऊ? तंबाखूशिवाय दुसरं व्यसन नाही त्यांना.”

“मलाही तसंच वाटत होतं. पंधरा-वीस दिवस झाले, कामावरून आले की ढाराढूर झोपतात. बोलताना जीभ जड. काल मशीनवर डुलकी लागली. सोमाभाऊंनी पळत येऊन बटण दाबलं म्हणून बोटं राहिली. साहेबांनी दोन दिवस घरी बसवलंय, पिऊन आलास म्हणून. आणि घरी येताना गाडीवरून पडले. कोपराला प्लास्टर.” तिनं पदरानं नाक पुसलं. “मी लेकरांसमोर त्यांच्या तोंडाला नाक लावून वास घेतला, वहिनी. काही वास नाही. म्हणतात, आईची शपथ, शिवलो नाही. मी म्हटलं, बिनवासाची पीत असाल.”

“जेवण तरी जातंय का नीट?” उज्वलानं आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“जेवण काय, तुमच्याच हातचं जेवतात की. तुम्हाला नाही माहीत? सगळे पेपर अंथरून मध्ये डबे ठेवतात. त्यात तुमच्या मटकीवर यांचा डोळा. सोमाभाऊ तर हल्ली आपली भाजी अख्खी यांनाच देतात आणि आमची शेपू खातात बिचारे. मी म्हटलं सुद्धा, माझ्या भाजीला कोणीतरी भेटलं म्हणायचं.”

आशा त्या दुःखातही जरा हसली. उज्वला नुसती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तंबाखूनं मेलेल्या जिभेला कडू काय कळणार? तीन आठवडे ती रोज पहाटे उठून एका धडधाकट माणसाला गुंगीचं औषध चारत होती, आणि ज्याला औषध हवं होतं तो शेपू खात होता.

खरं म्हणजे तिनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण सांगायचं म्हटलं तर सोमनाथचा आजार सांगावा लागणार, आणि तो कारखान्यात कोणालाच माहीत नव्हता. निदान हे कारण तिनं स्वतःला दिलं. आशाला तिनं चहा पाजला. चहात साखर जास्त पडली. आशा गेली, आणि उज्वला आपल्याच घरात चोरासारखी कोपऱ्यात बसून राहिली.

साडेचारला सोमनाथ आला. चहाला हात लावला नाही.

“उज्वला, एक विचारू? हसणार नाहीस ना?”

“विचारा.”

“रवीला झोप येते ती माझ्या भाजीनं. मी हिशेब केला. ज्या दिवशी मी भाजी खाल्ली त्या दिवशी मला जड वाटलं. ज्या दिवसापासून त्याला देतोय, त्याला वाटतंय. म्हणजे डब्यातच काहीतरी आहे. डबा तू भरतेस, आणि तू तर काही घालणार नाहीस. मग मधे कोणीतरी घालतंय.” तो थांबला. कपाळावर घामाचे थेंब होते. “सगळं असं जुळतंय बघ, जसं तेव्हा बसच्या हॉर्नचं जुळायचं. खरं का भास?”

किती सुंदर तपासणी केली होती त्यानं. एकेक पीस गेजला लावून बघावा तशी. फक्त एका जागी चुकला होता, आणि तिथं तो तिच्यावरच्या विश्वासानं चुकला होता.

उज्वलानं तोंड उघडलं. आणि तोंडातून तोच जुना शब्द बाहेर आला.

“भास.”

सोमनाथनं डोळे मिटले. “वाटलंच मला. मग मी परत बिघडलोय.” आवाजात चीड नव्हती, नुसता थकवा होता. “उद्या सुट्टी टाकतो. मॅडमकडे जाऊ. गोळ्या परत चालू करतो, म्हणशील तेवढ्या घेतो. आणि नोकरी सोडतो. असल्या डोक्यानं मी पीस पास करायला नको, कोणाच्या जिवावर बेतायचं.”

गोळ्या परत चालू करतो. हेच तर ऐकायला ती तीन आठवडे तडफडत होती. आता फक्त गप्प बसायचं होतं. तो आपणहून गोळ्या घेणार, खलबत्ता माळ्यावर जाणार, कोणाला काही कळणार नाही. ती पोळ्या लाटायला बसली आणि पहिलीच पोळी पोलपाटाला चिकटून फाटली. गप्प बसलं की झालं, असं ती दर पोळीला म्हणत राहिली. जेवताना निकितानं बापाच्या ताटात हात घातला, तर त्यानं ताट मागे ओढलं. “माझ्यातलं नको खाऊ, बेटा. मला बरं नाहीये.” निकितानं आईकडे पाहिलं. उज्वलानं पाण्याचा तांब्या उचलला आणि उगाच भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडमच्या समोर सोमनाथ खुर्चीच्या काठावर बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. त्यानं सगळं सांगितलं. बुटातल्या गोळ्या, कडू भाजी, रविराजची झोप. कुठंही सारवासारव केली नाही. शेवटी म्हणाला, “मला अजूनही आतून खरंच वाटतंय, मॅडम. पण ही म्हणते भास आहे. आणि ही माझ्याशी खोटं बोलत नाही.”

मॅडमनी चष्म्यावरून उज्वलाकडे पाहिलं. “तुम्हाला काय वाटतं?”

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकायच्या आधी जरासा थरथरायचा. उज्वला त्याच्याकडे बघत म्हणाली, “भास नाहीये. मी घालत होते.”

मग ती बोलत राहिली, खलबत्त्यापासून पुरचुंडीपर्यंत. काल आशा आली होती तेही, आणि त्यानंतरसुद्धा आपण भास म्हणालो तेही.

सोमनाथच्या चेहऱ्यावर आधी जे आलं त्यासाठी ती तयार नव्हती. त्याला आनंद झाला. तो सरळ बसला, आणि एखाद्यानं पहिला नंबर आल्याचं सांगावं तसं मॅडमना म्हणाला, “म्हणजे माझी जीभ बरोबर होती. माझा हिशेब बरोबर होता.” मग तो उज्वलाकडे वळला, आणि तो आनंद हळूहळू उतरत गेला.

“किती दिवस?”

“तेवीस.”

“मी तुला चारदा विचारलं.”

“पाचदा,” उज्वला म्हणाली. आता एक वेळही कमी सांगायची तिची छाती नव्हती.

त्यानं मांडीखालचे हात बाहेर काढले आणि तोंडावरून फिरवले. तेव्हा तिला दिसलं. बोटं थरथरत होती. बारीक, सतत. गेजवर पीस धरणाऱ्या माणसाची बोटं.

“हे कधीपासून?” मॅडमनी विचारलं.

“चार महिने. गोळीनंच होतं. पीस हातातून निसटायचा. साहेबांनी एकदा बघितलं. म्हणून सोडली गोळी.” तो जमिनीकडे बघत होता. “हिला सांगितलं असतं तर ही घाबरली असती.”

मॅडमनी एक सुस्कारा टाकला. “थरथरीवर उपाय आहे. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. तुम्ही मला हात दाखवले असते, किंवा यांनी फोन केला असता, तर एका दिवसाचं काम होतं. आणि उज्वला, चोरून दिलेलं औषध कोणाच्या पोटात जातं आणि किती जातं, हे मला कळणारच नाही. मग मी कशाच्या भरवशावर लिहून देऊ?” त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर उज्वलाला जरा मोकळं वाटलं असतं. थोडं लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “त्या रविराजलाही दाखवायला सांगा. आजच्या आज.”

परत येताना ती गाडीवर मागे बसली. एरवी हात त्याच्या खांद्यावर असायचा. आज तिनं मागची दांडी धरली. महिंद्रा सर्कलच्या सिग्नलला एका बसनं दोनदा हॉर्न दिला. सोमनाथची मान ताठ झालेली तिला मागून दिसली. तो काही विचारेल म्हणून ती जरा पुढे झुकली. त्यानं विचारलं नाही. सिग्नल सुटला.

त्यानं गाडी घराकडे नेलीच नाही, तडक रविराजच्या दारात थांबवली. “मी सांगणार. आजार माझा आहे,” एवढंच म्हणाला.

रविराज प्लास्टर उशीवर टेकवून बसला होता. सोमनाथ बोलत गेला, आशा उभ्याउभ्या ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर रविराज छताकडे बघत म्हणाला, “म्हणजे वहिनींच्या मटकीची गोडी नव्हती तर. मी म्हणतोय, खाल्लं की असं ढगात गेल्यासारखं का होतं.”

आशा उज्वलासमोर आली. “काल मी तुमच्या दारात रडत होते, वहिनी. तुम्ही मला चहा दिलात.”

“हो.”

“तेव्हा माहीत होतं तुम्हाला.”

“तुम्ही सांगितलंत तेव्हाच कळलं. पण बोलले नाही.”

आशानं तोंड फिरवलं आणि नवऱ्याच्या चपला शोधायला लागली, दवाखान्यात न्यायला. शोधता शोधता त्याला म्हणाली, “मी उगाच संशय घेतला तुमच्यावर,” आणि तिथंच भिंतीला टेकून रडली. ती माफी उज्वलानं मागायची होती. उज्वलानं मागितलीही, हात जोडून. पण ती आशाच्या पाठीशी बोलल्यासारखी झाली.

सोमवारी सोमनाथनं साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणे पेनाचं टोपण किती तरी वेळ उघडत-मिटत बसले. रविराजच्या नावावरचा दारूचा शेरा त्यांनी काढला. सोमनाथला म्हणाले, डॉक्टरांचं पत्र आण, तोवर पॅकिंगला बस. तो पॅकिंगला बसला. नवी गोळी तो रात्री आपल्या हातानं, निकितासमोर घ्यायचा, आणि निकिता कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. उज्वला त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबायची.

आणि डबा तो स्वतः भरायचा. सकाळी ओट्यापाशी यायचा, आधी कढईतली भाजी चमच्यावर घेऊन चाखायचा, जरा थांबायचा, मग कप्प्यात वाढून घ्यायचा. उज्वला बाजूला सरकून जागा द्यायची. तो तिला एकदाही टोचून बोलला नाही. पण चहाच्या वेळी कप घेऊन बसला तरी तो प्रश्न काही यायचा नाही. पूर्वी दिवसाला एकदा तरी यायचा. आता तो शंका आपल्याआपणच चघळायचा, आणि ती समोर बसून त्याचा जबडा हललेला बघायची.

दीड महिना असाच गेला. मग एका सकाळी, सहाच्या सुमाराला, तो डबा भरता भरता थबकला.

“खाली कोणी हाक मारतंय,” तो म्हणाला. कढईकडे बघतच म्हणाला. “सोम्या, सोम्या म्हणून.” आणि चमचा खाली ठेवून, “आहे का कोणी?”

उज्वलाला काही ऐकू आलं नव्हतं. ‘भास’ हा शब्द जिभेच्या टोकावर तयार होता, आणि या वेळी तो खराही होता. तरी तिनं तो गिळला.

“मला नाही ऐकू आलं. थांबा, बघून येते.”

ती पायात चप्पलही न घालता तीन मजले उतरली. फाटकाबाहेर गेली. दूधवाला सायकल लावत होता, त्याला विचारलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, दोन्ही बाजूंना पाहिलं, पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे वाकून पाहिलं. धापा टाकत वर आली, तेव्हा सोमनाथ होता तिथंच उभा होता.

“कोणी नाहीये,” ती म्हणाली. “कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. दूधवाल्याला विचारलं, तोही नाही म्हणाला.”

त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. तळव्यांना माती आणि ओला पाला लागला होता. मग तोही खिडकीशी गेला, वाकून खाली बघितलं, जरा कान देऊन उभा राहिला. तो स्वतः बघायला गेला याचं तिला वाईट वाटलं आणि वाटायला नको होतं हेही कळलं. तो परत ओट्यापाशी आला.

“हं,” म्हणाला. “या शुक्रवारी मॅडमना सांगायला हवं. परत ऐकू येतंय थोडं.”

“सांगू.”

त्यानं कप्पे एकावर एक रचले, दांडी वर ओढली आणि खिटी लावायला गेला. खिटी घट्ट होती. बोटं एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली. पूर्वीपेक्षा कमी थरथरत होती, पण थरथरत होती. त्यानं हात पाठीमागे नेला नाही. डबा तिच्याकडे सरकवला.

“लाव तेवढी,” तो म्हणाला. “हाताला जमत नाहीये आज.”

उज्वलानं हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून. पदराला कोरडे केले. आणि त्याच्या डोळ्यांदेखत, हळू, त्याला दिसेल असा डबा धरून, तिनं खिटी लावली.